कोरड्या मुलखाची वकिली

"तिथे आहे काय?" या प्रश्नाची मला लहानपणापासून चीड आहे. माझं गाव माणदेशातलं. पुण्यात कॉलेजला आले तेव्हा गावाचं नाव सांगितलं की समोरचा चुकचुकायचा, "अरेरे, दुष्काळी भाग ना? तिथे आहे काय?" जणू काही आम्ही तिथे राहत नव्हतो, नुसते वाळत घातलेले होतो. गेल्या वर्षी तोच प्रश्न मला नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन शहरात ऐकावा लागला. या वेळी तो अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याबद्दल होता.

कॉम्प्युटरच्या चिप तयार करणारी यंत्रं जिथे बनतात, तिथे मी इंजिनिअर आहे. यंत्रं इथे बनतात, पण बसवायची ग्राहकाच्या दारात. ॲरिझोनाच्या वाळवंटात नवे कारखाने उभे राहताहेत, तिथल्या तुकडीची प्रमुख म्हणून दोन वर्षांसाठी कुणीतरी जायला हवं होतं. हे काम आमच्या विभागात मला सगळ्यांत चांगलं येतं. नम्रपणा बाजूला ठेवूनच सांगते. माझ्या डच मॅनेजर बाईंनी विचारलं, "जाशील का?" आणि मी आपल्या वळणाप्रमाणे म्हटलं, "घरी विचारून सांगते."

आपल्याकडे याचा अर्थ अर्धा होकार. कुणाकडे पाहुणे म्हणून गेल्यावर लाडू पुढे आला की आधी "नको, नको" म्हणायचं, समोरच्याने आग्रह करायचा, मग एकाचे दोन खायचे. डच माणसाला आग्रह ठाऊक नाही. तुम्ही नको म्हणालात की डब्याचं झाकण बंद. पुढच्याच आठवड्यात कळलं, ती जागा माझ्या शेजारी बसणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याला दिली. "तू हो म्हणाली नव्हतीस," मॅनेजर सरळ म्हणाली. तिचं काहीच चुकलं नव्हतं, त्यामुळे मला जास्तच राग आला.

घरी मी खरोखरच विचारलं होतं. नवरा लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला, "वाळवंट आहे गं ते. तिथे आहे काय? निवडुंग आणि रिटायर झालेले म्हातारे." लेकीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती डचमध्ये देते. तिने विचारलं, तिथे शाळेत सायकलने जाता येतं का? मी म्हटलं, बहुतेक नाही. तिने पुन्हा कानात इअरफोन घातले. जागा गेल्याचं सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "बरं झालं, सुटलीस." ते "सुटलीस" माझ्या डोक्यात गेलं. मला सुटायचं नव्हतंच. मला ते काम हवं होतं, आणि ते हवंय हे मी कुणालाच धड सांगितलं नव्हतं.

डच लोकांचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. ठरलेली गोष्टसुद्धा त्यांच्याकडे पुन्हा चर्चेला आणता येते, फक्त मुद्दे आणावे लागतात. मी मॅनेजरला म्हटलं, जागेचा विषय मला पुन्हा काढायचाय. शुक्रवारच्या जेवणाच्या बैठकीत मला बोलू दे. ती म्हणाली, बोल की.

सगळे पावावर चीजचे काप ठेवून बसले होते. मी अजून तोंड उघडलं नाही तोच एकाने विचारलं, "पण तिथे आहे तरी काय?" झालं. मी आणलेल्या स्लाइड बाजूला राहिल्या.

मी म्हटलं, ऐका. तुमच्या बापजाद्यांनी इथे समुद्र अडवायला बांध घालायला घेतले, त्याच्याही आधी त्या वाळवंटातल्या लोकांनी हाताने कालवे खणून शेती केली होती. तिथलं आजचं मोठं शहर त्याच जुन्या कालव्यांच्या वाटांवर वसलंय. मग स्पेनचे लोक आले, मग मेक्सिकोचा अंमल, मग अमेरिकेने तो मुलूख घेतला. मूळच्या माणसांना हाकललं, हेही मी सांगितलं. वकिली करायची म्हणून खोटं कशाला बोलायचं? डोंगरात तांबं सापडलं, रेल्वे आली, गुरं आली, धरणं बांधून कापूस आणि संत्री पिकवली. तांबं, गुरं, कापूस, संत्री आणि हवा, या पाच गोष्टींवर आपलं राज्य उभं आहे, असं तिथल्या पोरांना शाळेत शिकवत. हवासुद्धा विकली त्यांनी! छातीच्या आजाराचे लोक कोरड्या हवेसाठी येत, आणि घरोघरी एसी आल्यावर थंडीला कंटाळलेले म्हातारे आले.

"आणि आता चिप," माझा तरुण सहकारी म्हणाला. "पण चिप बनवायला भरपूर पाणी लागतं. त्यांची नदी आटत चाललीये."

"आटतेय," मी म्हटलं. "शेजारची राज्यं तिच्यावरून भांडतात. म्हणून कारखाने वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात. आमच्या गावात भिंतीवर लिहिलेलं असायचं, पाणी अडवा, पाणी जिरवा. तुम्ही इथे पंप लावून पाणी बाहेर काढता. पाणी नसताना कामाची आखणी कशी करायची, ते या टेबलावर माझ्याशिवाय कुणाला माहितीये? प्रमुख म्हणून मला जायचंय. ही जागा माझी आहे."

एवढं सरळ मी त्या इमारतीत कधी बोलले नव्हते. माझे कान तापले होते. तो तरुण म्हणाला, "मलाही जायचंय." मग आम्ही दोघं सगळ्यांसमोर भांडलो, अगदी नीट, आळीपाळीने, डच पद्धतीने. बाकीचे पाव खात ऐकत होते. पुढच्या आठवड्यात निर्णय आला: प्रमुख मी, आणि तो माझ्या हाताखाली. त्याने येऊन हात मिळवला आणि विचारलं, "हे आधीच का नाही सांगितलंस?" आग्रहाचा लाडू त्याला समजावणं माझ्याच्याने झालं नाही.

शनिवारी सकाळी नवरा पोह्यांसाठी कांदा चिरत होता. मी म्हटलं, "मी हो म्हणून आलेय."

"मला न विचारता?"

"विचारलं होतं. तू निवडुंग म्हणालास."

त्याने सुरी खाली ठेवली. "माझी नोकरी? पोरीची शाळा? दोन वर्षं म्हणजे गंमत आहे का?"

गंमत नव्हतीच. तो येणार नाही म्हणाला तर काय, हा प्रश्न मी आठवडाभर बाजूला ठेवला होता. पण मला आठवत होतं, त्याला इथली नोकरी लागली तेव्हा त्याने ऑफिसातून फोन केला होता: "झालं बघ, नेदरलँड्स!" मी पुण्यातली नोकरी सोडली, त्याच्या वर्क परमिटवर बायको म्हणून आले, आणि पुन्हा इंजिनिअर व्हायला मला कितीतरी वर्षं लागली. तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, आणि ते मला अजून सलतं. हे सगळं मी त्याला त्या ओट्यापाशी पहिल्यांदाच बोलून दाखवलं. मधेच थांबले नाही.

त्याने सुरी पुन्हा उचलली. मग म्हणाला, "उन्हाळ्यात तिथे घराबाहेर पाऊल टाकवत नाही म्हणे."

"तुझ्यामागून इथे आले तेव्हा मी इथल्या बारमाही पावसाची चौकशी केली नव्हती," मी म्हटलं. "आता तू उन्हाची करू नकोस."