कटकट्या, रोहिणखेड

छायाची रोपवाटिका धामणगाव बढ्याच्या रस्त्यावर. मिरची, टोमॅटो, वांग्याची रोपं. गिऱ्हाइकं सगळी व्हॉट्सॲपवर: पानांचे फोटो, बोलून धाडलेले निरोप, मधेच कुणाच्या बारशाचं आवतण. त्या गर्दीत गेल्या हंगामात तिघांच्या ऑर्डरी दबून गेल्या आणि तिघंही दुसरीकडं वळले. यंदाही तसंच झालं तर रोपवाटिका बंद, हे तिनं घरात सांगूनच टाकलं होतं.

म्हणून चार दिवस खपून तिनं धंद्याचं व्हॉट्सॲप सीआरएमला जोडलं. सीआरएम म्हणजे गिऱ्हाइकांची वहीच की! कुणी काय मागितलं, कशावर कुरकुरलं, सगळं टिपून ठेवते, आणि रोपं तयार झाली की नाव घेऊन निरोपही आपोआप धाडते. जुने निरोप छायानं स्वतः बसून त्यात भरले आणि प्रत्येकापुढं आपण काय केलं तेही लिहिलं.

पण नावापाशीच घोडं पेंड खाऊ लागलं. फोनमध्ये तिनं नावं आपल्या सोयीनं लिहिलेली, सीआरएमनं तीच उचलली. 'टोमॅटोवाली मावशी'. 'उद्या येतो'. आणि रोहिणखेडचे शालिग्रामकाका? 'कटकट्या'. दर ट्रेमागं एक तक्रार करणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार, सांगा! सकाळी नऊला निरोप गेला: "नमस्कार कटकट्या, आपली रोपं तयार आहेत."

दहाला काकांची मोटारसायकल दारात. काकांच्या शब्दावर अर्धं रोहिणखेड तिच्याकडं यायचं. ते फिरले की सारे फिरणार.

"काऊन वो बाई, मी कटकट्या?"

काहीतरी थाप मारावी असं तिला वाटलं, पण जीभ रेटेना. "हाव काका, मीच लिहिलं. चुकलं माह्यं. तुमच्यासमोरच बदलते." तिनं सीआरएममधलं त्यांचं पान उघडलं.

काकांनी फोनच हातातून घेतला. चष्मा लावून वाचू लागले. 'वांगी पिवळी पडली: बदलून दिली. मुळं कमी: माती बदलली. दुपारी पाणी नको: सकाळी देणं सुरू.' अशा सतरा तक्रारी.

"हे सारं ऐकलं तू?"

"ऐकलं म्हणून तं रोपं सुधारली, काका."

"घरी तं माह्यं एक वाक्य कोणी पुरं ऐकत नाई वो," ते हळूच म्हणाले. छायानं फोन परत घेतला.

"नाव काय लिहू मग?"

"तेच राहू दे. पुढं 'काका' लाव फक्त. अन् लिही, गावातल्या सात जणांची मिरचीची ऑर्डर. अन् हा दुसरा ट्रे लय दाट झाला, थेही लिही!"