भर सामन्यात घेतलेलं नाव
लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि मी येडीने भर मैदानात नवऱ्याला नावाने हाक मारली. नातवाच्या नव्या चेंडूचा रबरी वास आला की अजून लाज वाटते. पनवेलच्या शाळेत मास्तरांचा बास्केटबॉलचा सामना होता. हे चेंडू आपटत निघाले, मागून एक धिप्पाड गडी धावून आला, आणि मी किंचाळले. सगळं मैदान हसलं. ह्यांनी मात्र मानही वळवली नाही. "आता हळदीकुंकवाला उखाणा नको घेऊस, गावानं ऐकलंय," मी विहिरीतून ओढलेल्या प्रत्येक कळशीला सासूबाई टोमणा मारत. आठवडाभर पाणी ओढून आणि ऐकून घेऊन मी पार थकले. शेवटी ह्यांना विचारलं, "तुम्ही वळलाही नाहीत?" ते म्हणाले, "खेळताना चेंडू आणि माझा दम, एवढंच ऐकू येतं गं. काय हाक मारलीस? परत मार बघू."