जवायाच्या हाती कुऱ्हाड

तुमसर रोड स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळचे साडेदहाच वाजले होते, पण फलाटावरच्या लोखंडी बाकाला हात लावण्याची सोय नव्हती. सोबत बायको सुनंदा, दोन बॅगा आणि बर्फात ठेवलेल्या ऑर्किडच्या फुलांची चार थर्माकोलची खोकी. पुण्याहून निघाल्यापासून दर दोन तासांनी मी खोक्यांची झाकणं उघडून पाहत होतो. सुनंदाच्या भावाच्या मुलीचं, प्रणालीचं, सिहोऱ्याला लग्न होतं आणि त्या लग्नात माझी फुलं मिरवावीत, माझं नाव व्हावं, एवढ्याच इराद्याने मी निघालो होतो.

इराद्यामागे कारण होतं. आज हडपसरला माझा मांडव-सजावटीचा धंदा आहे. माझ्या कमानींचे फोटो लोक मोबाइलमध्ये जपून ठेवतात. पण सुरुवात केली ती नागपुरात एका कंत्राटदाराकडे बांबू वाहून. सुनंदा तेव्हा तिथे नर्सिंग शिकत होती. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच साली आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केलं. तिचे वडील सिहोऱ्याचे धानाचे शेतकरी. ते म्हणाले, मांडवाचे बांबू वाहणारा माझा जावई नाही. दार बंद झालं. पुढच्याच वर्षी त्यांच्या मुलाचं, म्हणजे प्रणालीच्या वडिलांचं, विलासचं लग्न झालं, त्याचंही आम्हाला बोलावणं आलं नाही. ते वाक्य मी तेवीस वर्षं जपून ठेवलं. धंद्यात भाव पाडताना ते फार उपयोगी पडायचं. आठवलं की आवाज आपोआप चढायचा.

या वेळी विलासने स्वतः फोन केला आणि बाबांनी बोलावलंय म्हणाला. मी त्याच दिवशी शिंप्याकडे जाऊन लिननचा मोतिया बंदगळा शिवायला टाकला.

स्टेशनबाहेर गाडी ठरवायला गेलो तिथेच पहिला धक्का बसला. ड्रायव्हरच्या केसांत सोनेरी पट्टे होते आणि चेहरा असा चकचकीत की मी विचारलंच. लग्नासाठी फेशियल केलंय म्हणाला, शेजारच्या गावचं लग्न असलं म्हणून काय झालं. मी भाडं विचारलं आणि सवयीने निम्मं सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग सुनंदाकडे.

“तुम्ही सिहोऱ्याचे जवाई ना?” तो म्हणाला. “मंग जवायाकून पैसे कायचे? विलासभाऊ पाहून घेईन. बसा.”

मी भांडायला सज्ज होऊन आलेला माणूस. समोरचा भांडतच नाही म्हटल्यावर काय करायचं मला सुचेना. खोकी सांभाळत गाडीत बसलो.

तुमसर सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्या (धानाची खाचरं). काही भेगाळलेल्या, तर कालव्याचं पाणी पोचलेल्या ठिकाणी उन्हाळी धान पिवळं होऊन उभं. मधूनमधून बोड्या (लहान तळी), त्यांच्या काठाला मोहाची झाडं, आणि म्हशी फक्त नाकं वर ठेवून पाण्यात. सुनंदा खिडकीला चिकटून बसली होती. प्रत्येक गावाचं नाव पाटी दिसायच्या आधी तीच सांगत होती. ती तेवीस वर्षांनी माहेरी चालली होती आणि मी फुलांच्या बर्फाचा विचार करत होतो, हे आता लिहिताना बरं वाटत नाही.

घरी पोचलो. माझ्या डोक्यातलं सिहोरा म्हणजे सारवलेलं अंगण आणि डोक्यावर पदर. पाहतो तर दारात गोल दिव्याच्या उजेडात दोन मुली एकमेकींचे व्हिडिओ काढताहेत. विलासची बायको रेखा कोशाच्या रेशमी साडीवर चामड्याचा पट्टा बांधून फिरते आहे. माजघराची एक खोली तात्पुरतं ब्युटी पार्लर झाली आहे आणि तिथे शेजारणी रांगेत बसल्यात. टेबलावर काचेच्या बरण्यांतून कैरीचं पन्हं सोडा घालून देत होते, बरणीच्या काठाला तिखट-मीठ, त्यावर पुदिना. पाटीवर नाव लिहिलेलं: चांदपूर सनसेट. चांदपूर म्हणजे जवळचा तलाव. पुण्यात याच पेयाचे मी गिऱ्हाइकांकडून किती घेतो ते इथे सांगत नाही.

प्रणाली आली, आत्याच्या गळ्यात पडली, मग माझा बंदगळा दोन बोटांत धरून पाहिला. “मस्त हाय, फुफाजी,” ती म्हणाली. (फुफाजी म्हणजे आत्याचे यजमान.) “पण हा कट दोन वर्षं जुना ना? आमच्या इकडं आता लांब चालते.”

बाकी काही बोलली असती तर उत्तर दिलं असतं. कपड्यांच्या बाबतीत सिहोऱ्याने मला मागे टाकावं हे पचायला जेवण लागलं. जेवणात बरबटीचे (चवळीचे) वडे, आलू-वांग्याची भाजी, भात आणि कढी. वडे मी मोजले नाहीत. वाढणाऱ्या बाईंनी मोजले आणि सगळ्यांना सांगितले.

सासरे अंगणात खुर्चीवर बसले होते. इकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. या भेटीसाठी मी तेवीस वर्षं भाषण तयार केलं होतं. पाया पडलो.

“गाडी टाइमावर होती?” त्यांनी विचारलं.

“होती,” मी म्हणालो. भाषण तिथेच संपलं.

एक गोष्ट मात्र माझ्या धंद्याच्या नजरेने टिपली. लग्न परवावर आलेलं, गावाबाहेरच्या मैदानात स्टेज, लाइट, ड्रोनवाला सगळं तयार, पण घराच्या दारापुढे काहीच नाही. फक्त खड्डे खणून ठेवलेले. विलासला विचारलं तर उद्या होते म्हणाला. मी मनात म्हटलं, कंत्राटदार पळालेला दिसतो. यांना रात्री माझे पाय धरावे लागणार. झोप छान लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंदगळा घालून, ऑर्किडचं एक खोकं उघडून अंगणात उभा होतो. सासूबाई ताट घेऊन आल्या. मागे बायका, विलास, पंधरा-वीस माणसं. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, खांद्यावर नवा दुपट्टा टाकला आणि ताटातून उचलून माझ्या हातात दिली ती कुऱ्हाड. धार लावलेली, दांड्याला हळदीची बोटं.

“चाला भाऊजी,” विलास म्हणाला. “जांभळीचे डहाळे तोडून आनू. मांडव टाकाचा हाय.”

मी कुऱ्हाडीकडे पाहिलं, बंदगळ्याकडे पाहिलं, आणि माझ्या कानांत ते जुनं वाक्य वाजलं. तेवीस वर्षांनी बोलावलं, गावासमोर उभं केलं, आणि काम दिलं ते हेच. सुनंदा काहीतरी सांगायला पुढे आली. मी ऐकलं नाही. माझा राग आधी बोलतो, नंतर ऐकतो. बांबू वाहणारा म्हणून ज्याला हाकललं त्याच्याकडून पुन्हा बांबूच वाहून घ्यायचे होते तर मजूर सांगायचा, असं मी मोठ्याने म्हणालो. कुऱ्हाड जमिनीवर टाकली. ती दगडावर आपटून वाजली आणि सगळ्या अंगणात तेवढाच आवाज उरला. मामाजी खुर्चीतून हलले नाहीत.

फाटकापाशी सुनंदाने गाठलं. ती रडत नव्हती.

“तुम्ही गेलात तर मी येते तुमच्याबरोबर,” ती म्हणाली. “पण मग या घरी मी परत यायची नाही. कोणत्या तोंडानं येऊ? एवढं ठरवून जा.”

मी ठरवलं नाही. नुसता गेलो.

सिहोऱ्याच्या बस थांब्याजवळ चहाची टपरी आहे. टपरीवाल्या बाई साठीच्या, डोळ्यांवर नव्या धाटणीचा मोठा गॉगल. तुमसरची गाडी कधी, म्हणून विचारलं. त्यांनी गॉगल वर करून माझं कपाळ पाहिलं.

“कुंकू लावून कुठं चालले? सवासा ना तुम्ही?”

सवासा म्हणजे काय, मी विचारलं. त्यांना ते खरं वाटेना. मग त्यांनी सांगितलं ते असं: इकडे लग्नघरचा मांडव घरच्या जावयाने टाकायचा. त्याला सवासा म्हणतात, त्याच्या बायकोला सवासीन. पहिली फांदी त्याने तोडायची, पहिला खांब त्याने रोवायचा, मग बाकी गाव हात लावतं. त्याच्याशिवाय हळद लागत नाही. ज्याच्या घरी जावई नसतो तो चुलत घरातून, शेजारून उसना आणतो.

“मजुरीचं काम ते मजुरीचंच,” मी म्हणालो, पण आवाज खाली आला होता.

“मजुराले कोन कुंकू लावते बापू?” त्यांनी चहा पुढे केला. “अन् त्या घरचा मान तं पहाच. विलासच्या लग्नात गावानं म्हाताऱ्याले लय समजावलं, चुलत जवाई उभा करा. तो म्हने, माहा जवाई हाय, पुन्याले हाय. तो नाही तं मांडव नाही. नवरा-नवरी कापडाखाली उभे झाले. पुऱ्या तालुक्यात असं लगन मी पाहिलं नाही.”

त्या दोन दिवसांत मी बरेच धक्के खाल्ले होते, पण ते सगळे पचण्यासारखे होते. हा बसला आणि मी टपरीच्या बाकावर बसून राहिलो. मला बोलावलं नव्हतं, आणि माझी जागाही कोणाला दिली नव्हती. तेवीस वर्षं मी निम्मीच गोष्ट जपून ठेवली होती.

“मग बोलावलं का नाही?” मी विचारलं.

“ते त्यालेच इचारा. माहं काम चाय इकाचं.”

तुमसरची गाडी आली. मी तिला जाऊ दिलं.

अंगणात माणसं तशीच होती, फक्त सावलीला सरकलेली. कुऱ्हाड मी टाकली तिथेच पडली होती. कोणी उचलली नव्हती. मी मामाजींसमोर जाऊन उभा राहिलो आणि तोच प्रश्न विचारला.

त्यांनी खणलेल्या खड्ड्यांकडे पाहिलं. “बलावलं असतं अन् तू नसता आला तं?” ते म्हणाले. “गावासमोर मी काय केलो असतो?”

“आणि बांबू वाहणारा जावई नाही, असं तुम्ही म्हणाला होतात.”

“म्हनलो होतो,” ते म्हणाले. नाकारलं नाही. “त्या साली जिल्हाही गेला अन् पोरगीही गेली. डोकं ठिकाणावर नव्हतं.”

याला माफी म्हणता येत नाही. पण मी सौदा ओळखतो. समोरच्याच्या हातात आणखी काही उरलेलं नाही, हे मला कळतं. तरी सवय जात नाही. मी म्हणालो, एक अट आहे. पहिली फांदी तोडताना तुम्ही झाडाखाली उभं राहायचं.

“टोंगळे (गुडघे) दुखते,” मामाजी म्हणाले. “फटफटीवर मागं बसवून नेशील तं येतो.”

मी त्या भावात काहीही कमी केलं नाही.

जांभळीचं झाड बोडीच्या काठाला होतं. मामाजी सावलीत उभे राहिले. पहिला घाव चुकला, दुसरा फांदीला लागून उडाला. मागून कोणी विचारलं, पुण्यात कुऱ्हाडही ऑनलाइन चालते का. बंदगळ्याची उजवी बाही काखेत उसवली. मग मी तो काढून फटफटीवर टाकला आणि नुसत्या बनियनवर तोडायला लागलो, तेव्हा हातांना सगळं आठवलं. फांदी पडली तसं मामाजींनी वाकून तिचं टोक धरलं. टोंगळ्यांचा विषय कुणी काढला नाही.

मांडव दुपारपर्यंत उभा राहिला. मी या धंद्यात आयुष्य घातलं, तरी मला ते पाहून थक्क व्हायला झालं. एक खिळा नाही, एक तार नाही. बांबूवर बांबू पळसाच्या मुळांच्या दोरीने बांधलेले, वर हिरव्यागार डहाळ्यांचा जाड थर. कोणी कोणाला मजुरी विचारली नाही. बाहेर जमीन भाजत होती आणि आत मुलं उघड्या पायांनी बसली होती. मी हॉटेलांच्या लॉनवर थंड हवेची यंत्रं लावून जे साधू शकलो नाही ते इथे झाडाने केलं होतं. पहिल्या खांबाला सुनंदाने हळद लावली. बायका गाणं मधेच थांबवून तिच्याकडे पाहत होत्या. मग सगळ्यांनी मिळून मला हळद फासली; तोंडात, कानात, जिथे मिळेल तिथे.

ऑर्किडं लग्नाच्या दिवशी दुपारीच कडेने करपली. मी एरवी कोणावर तरी ओरडलो असतो. प्रणालीने त्यातली दोन धड फुलं निवडून केसांत माळली आणि जांभळीच्या मांडवाखाली फोटो काढले. स्टेजवर फारसं कोणी गेलंच नाही.

पुण्याला परत येऊन महिना झाला असेल. गिऱ्हाइकं तीच, भाव तेच, माझा आवाजही तसाच चढतो. फक्त चढवताना आता मला दुसरं काहीतरी शोधावं लागतं. परवा विलासचा फोन आला. नाकाडोंगरीला त्यांच्या चुलत्याकडे लग्न आहे, घरात जावई नाही, त्यांनी मला उसना मागितलाय. मी म्हणालो, मागच्या वेळी निघताना कोणी शिदोरीत वडे बांधून दिले नाहीत, मी नाराज आहे, विचार करून सांगतो. सुनंदा म्हणाली, कशाला उगाच ताणता.

तिला कसं सांगू. तेवीस वर्षं मी दाराबाहेर रुसून बसलो होतो, तिथे समजूत काढायला कोणी येत नसतं; त्यासाठी आधी घरातला जावई व्हावं लागतं. काल सकाळी मामाजींनी स्वतः फोन लावला. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा टाळलं.

तिसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हणालो.