स्टीलच्या पट्टीने मोजलेली वेबसाइट

आमच्या मालकांचा आधी छापखाना होता. तो बंद पडला, आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, कांचघर भागातल्या त्याच जागेत वेबसाइट बनवायचं ऑफिस उघडलं, पण माणूस छापखान्याचाच राहिला. कुठलंही पान ते स्क्रीनवर पास करत नसत. रंगीत प्रिंट काढायची, टेबलावर पसरायची, आणि मग ते स्टीलची पट्टी घेऊन बसणार. दोन चौकटी एका उंचीच्या नसल्या की लाल पेन्सिलीचा गोल.

मुलं मोठी झाल्यावर, शेहेचाळिसाव्या वर्षी, मी नोकरीत परतले होते. सहा महिने चाचणीवर. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हणाले, "सर, हा कागद नाही. फोनवर पान अरुंद होतं, कुणी अक्षर मोठं केलं की लांबतं. चौकटीला ठरलेली उंची देऊन चालत नाही."

"ताई, जे मोजता येत नाही ते कामच नाही," ते म्हणाले आणि पट्टी पुसायला लागले.

त्यांच्या पट्टीला पुरून उरणारा एकच माणूस ऑफिसात होता. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पदाने वरचा. त्याची प्रिंट पहिल्या फेरीत पास व्हायची, कारण तो प्रत्येक गोष्ट पिक्सेलमध्ये खिळे ठोकून बसवायचा. वर प्रत्येक ओळीला इम्पॉर्टंटचा शिक्का. पान कसं दिसावं याचे नियम सीएसएसमध्ये लिहितात. दोन नियम भांडले तर कोण जिंकेल याची तिथे रीतसर व्यवस्था आहे. हा शिक्का म्हणजे ती व्यवस्था गुंडाळून सगळ्यांची तोंडं बंद करणं. अडल्यावेळी एखादा मारावा. हा गृहस्थ प्रत्येक ओळीवर मारायचा, आणि वर मलाच म्हणायचा, "ताई, तुम्ही फार पुस्तकी काम करून राहिल्या."

मग रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं काम आलं. पिठाच्या चक्क्या आणि त्यांचे सुटे भाग. गावोगावचे दुकानदार फोनवरून भाग मागवणार, म्हणजे पानावर खरं महत्त्व 'ऑर्डर करें' या बटनाचं. मालकांनी मला समोर बसवून सांगितलं, "हे काम परत आलं, तर तुमची चाचणी तिथंच संपली."

मी ते पान ग्रिडमध्ये, म्हणजे आडव्या-उभ्या जाळीत बांधलं, प्रत्येक सुट्या भागाला एक चौकट. जागा असेल तेवढ्या चौकटी एका ओळीत, नसेल तर खाली, उंची मजकुराप्रमाणे. अक्षराला किमान आणि कमाल माप देऊन ठेवलं, मधलं स्क्रीनच्या रुंदीवर सोडलं. चौकट स्वतःची रुंदी पाहून आतला फोटो वर घ्यायचा की बाजूला हे ठरवायची. मला ते काम आवडलं होतं. प्रिंट निघाली आणि त्यावर अकरा लाल गोल आले, कारण चक्कीच्या दगडी पाट्याच्या चौकटीत मजकूर जास्त होता आणि मोटरच्या पट्ट्याच्या चौकटीत कमी.

सहकाऱ्याने मला न विचारता स्वतःची एक फाइल जोडली. सगळ्या चौकटी तीनशे चाळीस पिक्सेल उंच, बाहेर येईल ते झाकायचं, शिक्क्यासकट. प्रिंट पास. मालक म्हणाले, "बघा, असं काम असते."

मी भांडले नाही. भांडायला हवं होतं. त्याऐवजी मी शहाणपणा केला. सीएसएसमध्ये आता नियमांचे थर रचता येतात. वरचा थर खालच्यावर मात करतो. मी त्याची फाइल गुपचूप सगळ्यात खालच्या थरात ढकलली, माझे नियम वर ठेवले, आणि उंचीच्या माझ्या एका ओळीवर मीही शिक्का मारला. माझ्या फोनवर पान ठीक दिसलं. मी खूश.

सादरीकरणाला कारखान्याचे म्हातारे शेठ स्वतः आले. त्यांनी खिशातून फोन काढला. अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली. एका ओळीत चार शब्द मावत होते. पान उघडलं, बोट खाली-वर फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"मैडम, बटन किधर है?"

बटन नव्हतं. मोठ्या अक्षराने ते चौकटीबाहेर ढकललं गेलं होतं आणि चौकट तीनशे चाळीसवरच अडून बसली होती.

सहकारी लगेच म्हणाला, "हे पान ताईंनी बनवलं आहे, सर."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉप ओढला आणि त्याची फाइल जोडणारी ओळ काढून टाकली. शेठच्या फोनवर पान पुन्हा उघडलं. चौकट लांबली, बटन आलं. मी म्हणाले, "ही फाइल माझी नाही. कुणाची आहे ते फाइलीच्या वरती लिहिलेलं आहे."

"अच्छा," शेठ म्हणाले, "तो अब ठीक है ना?" त्यांनी बटन दाबून पाहिलं आणि चहा मागितला.

काम परत आलं नाही. माझी चाचणी संपली, चांगल्या अर्थाने. मालकांनी रिछाईची सगळी कामं सहकाऱ्याकडून काढून मला दिली.

आता राहिलेलं सांगते. थरांमध्ये शिक्का आला की क्रम उलटतो. शिक्क्यांच्या भांडणात सगळ्यात खालचा थर जिंकतो. म्हणजे त्याला खाली ढकलून मीच त्याला माझ्याहून बळकट केलं होतं. थर रचले नसते तर माझा नंतरचा शिक्का चालला असता आणि बटन दिसलं असतं. हे मला त्या खोलीतच, ओळ काढताना कळलं. मी बोलले नाही.

त्याला कळायला चार दिवस लागले. दुपारी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"थर तुम्ही लावले होते, ताई."

"हो."

"मग तिथं काहून नाही बोलल्या?"

"तुम्ही माझ्या पानावर फाइल टाकताना बोलला होता?"

तो तडक मालकांच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं. त्याने पाच मिनिटं समजावलं: थर, शिक्का, उलटा क्रम. सगळं बरोबर सांगितलं, एक शब्द चुकीचा नव्हता. मी कीबोर्डवरचे हात काढून ऐकत बसले. मालकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि पट्टी हातात घेतली.

"प्रिंट आण," ते म्हणाले. "कागदावर दाखव."