गाळलेल्या प्रार्थना

सासूबाई न्हाणीघरात घसरल्या तेव्हा मी शाळेत सातवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवत होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. वय आणि साखर बघून डॉक्टर ऑपरेशनला तयार होईनात. आठ दिवसांनी आम्ही त्यांना घरी आणलं आणि पुढच्या खोलीत, खिडकीशी त्यांची खाट टाकली. शाळेला मी सांगितलं, महिनाभर येणार नाही. प्रेमनगरमधली ती शाळा नगरा भागातल्या आमच्या रेल्वे क्वार्टरपासून पायी पाऊण तासावर होती. पुढे दीड वर्ष मी तिथपर्यंतसुद्धा गेले नाही.

हे सकाळी सातला वर्कशॉपला निघत, ते संध्याकाळी सहाला परतत. मुलगी पुण्याला शिकत होती. नणंद भुसावळला. ती रोज फोनवर विचारायची, "आईची पाठ पुसलीस का? जखम होऊ देऊ नकोस हं." सकाळी एक बाई अर्धा तास येई, तिच्या मदतीने सासूबाईंना उचलून कूस बदलायची, चादर काढायची. ती गेली की आम्ही दोघी. भाजी दारावर, दूध दारावर. मे महिन्यात कूलरचा घरघराट, बाहेर लूचा भाजणारा वारा, खिडक्या बंद. मी ओट्यापासून खाटेपर्यंतची पावलं मोजायला लागले होते. अकरा.

सासूबाई लग्न होऊन इथे, या हिंदी मुलखात आल्या त्याला पन्नास वर्षं झाली होती. सासरेही रेल्वेतच होते. सासूबाईंचं मराठी निम्मं हिंदीत भिजलेलं. "पंखा तेज कर." "पाणी दे, गला सुकला." उपकार मानायची सवय नव्हती, रडायचीही नाही.

शेजारच्या क्वार्टरमध्ये एक निवृत्त नर्स राहत, भाच्याकडे. सगळी गल्ली त्यांना सिस्टरजी म्हणे. त्या ख्रिस्ती होत्या. सासूबाईंच्या पाठीला जखम व्हायला लागली तेव्हा मी त्यांना बोलावलं. त्यांनी पाठ नीट बघितली, औषध सांगितलं, आणि जाताना माझ्याकडे बघत म्हणाल्या, "और तुम? तुम्हें कौन देख रहा है, बेटा?"

दुसऱ्या दिवशी त्या पिशवीभर इंग्रजी कादंबऱ्या घेऊन आल्या. मिशनच्या दवाखान्यातल्या जुन्या सहकारी बायकांनी परदेशी जाताना मागे ठेवलेल्या. प्रत्येक कादंबरीच्या कव्हरवर लांब झग्यातली एक बाई, पाठमोरी, समोर समुद्र नाहीतर जळतं गाव.

मला हसूच आलं. म्हटलं, दुपार तरी जाईल.

पहिली तीन दिवसांत संपली. शेकडो वर्षांपूर्वीचं एक बंदर. राजाचे शिपाई घराघरात शिरून लोकांच्या बोलीत छापलेलं, बंदी घातलेलं धर्मपुस्तक शोधतायत. खारवलेले मासे विकणाऱ्याची विधवा मुलगी एका जखमी छापखानेवाल्याला तळघरात लपवते. वर शिपाई पिंपं फोडतायत, खाली हा श्वास रोखून. सगळा हिवाळा ती फळीच्या फटीतून त्याला भाकरी देते आणि त्याचा फक्त हात तिला दिसतो. त्या हातावर तिचा जीव जडतो. मी शेगडीवर दूध ठेवून वाचत होते, दूध उतू गेलं ते वासानेच कळलं.

मग मी अधाशासारखी वाचत सुटले. वेढा पडलेल्या शहरातली सुईण, होडीतून पळणारी सरदारकन्या. प्रेम आणि धोका तर मला हवेच होते, पण आणखी एक गोष्ट होती, ती मला कुणाला सांगता येत नव्हती. या बायका अडकल्या की देवाशी बोलत. आरती नाही, स्तोत्र नाही. समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं. भांडत सुद्धा. मी रोज सकाळी देवांना फूल वाहत होते, पण "मला इथून बाहेर काढ" असं त्यांना एकदाही म्हटलं नव्हतं. असं म्हणणं म्हणजे सासूबाई लवकर जाव्यात असं म्हणणंच झालं असतं.

एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "एकटीच वाचतेस. मलाही सांग की काय आहे ते."

मी मराठीत सांगत वाचायला लागले. तळघराचीच कादंबरी पुन्हा घेतली. सासूबाई डोळे मिटून ऐकत. शिपाई आले की त्यांची बोटं चादरीवर आवळत. प्रार्थना आली की मी मात्र ती गाळायचे. सूनबाई म्हाताऱ्या सासूला येशूची प्रार्थना ऐकवते, हे नणंदेला कळलं तर? आणि खरं सांगायचं तर, त्या ओळी मोठ्याने म्हणायची मला भीती वाटत होती.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "तू मध्येच गाळतेस."

"नाही हो आई."

"गाळतेस. तुझे डोळे खाली सरकतात, तोंड बंद असतं, मग एकदम सकाळ होते. रात्रभर ती बाई काय करत होती?"

"प्रार्थना करत होती."

"मग ती का नाही वाचत?"

"ख्रिस्ती आहे ती, आई."

"ते कळलं मला. मी पडलेय पायाने, कानाने नाही."

तरीही मी विषय टाळला.

जूनमध्ये एका दुपारी त्यांना झोप लागली आणि मी घराबाहेर पडले. ठरवून नाही. कडी काढली, बाहेरून कुलूप लावलं, आणि चालायला लागले. आधी सिस्टरजींच्या दारात गेले, त्या नव्हत्या. मग गल्लीच्या टोकाला, मग मोठ्या रस्त्यापर्यंत. ऊन इतकं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी एका बंद दुकानाच्या सावलीला उभी राहिले. समोरून प्रवासी नेणारा एक टेंपो आला, त्यातला भैया ओरडला, "स्टेशन, स्टेशन!" आणि मी हात वर केला. टेंपो थांबला. मी एक पाय आत ठेवला सुद्धा.

"बैठो जी," तो म्हणाला.

मी पाय काढून घेतला आणि जवळजवळ पळत परतले. पाऊण तास झाला होता.

सासूबाई जाग्या होत्या. वीज गेली होती, कूलर बंद. चादर ओली झाली होती. पाण्याचा पेला त्यांच्या हातून निसटून खाली पडला होता, त्यांनी बहुतेक बराच वेळ त्याच्याकडे हात लांबवला असावा. मी दारातच रडायला लागले.

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "कुलूप लावलं होतंस?"

"हो."

"आवाज आला मला. मी हाक मारणार होते. मग म्हटलं, जाऊ दे तिला."

मी चादर बदलली, त्यांचं अंग पुसलं. मी म्हटलं, "आई, मला परत यायचं नव्हतं. टेंपोत पाय ठेवला होता मी."

त्या म्हणाल्या, "मला धड पाय असता तर मीही ठेवला असता." मग, "आता त्या बाईने रात्रभर काय म्हटलं ते वाच."

मी पुस्तक उघडलं. वर शिपाई मुक्कामाला राहिलेत, ती जिन्यावर बसून देवाला विचारते: तू ऐकतोस का ते मला माहीत नाही, पण या घरात मला दुसरं कुणी नाही, आणि मी दमले आहे, आणि दमल्याबद्दल माझ्यावर रागावू नकोस. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले.

सासूबाई म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. यात बाटण्यासारखं काय आहे?"

त्या आठवड्यात नणंदेला कुणीतरी सांगितलंच. फोन आला, "आईला काय ऐकवतेस तू?" सासूबाईंनी हात पुढे करून फोन मागितला. "गोष्ट ऐकवते. तू येऊन ऐकव ज्ञानेश्वरी, मी दोन्ही ऐकेन," म्हणाल्या, आणि फोन माझ्याकडे दिला. नणंद आली नाही.

सिस्टरजींना मी हे सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या. "पढ़ने से कोई ईसाई नहीं हो जाता, बेटा. मैं तो जनम से हूँ, अभी तक हो ही रही हूँ."

रविवारचं ह्यांना सासूबाईंनी स्वतः सांगितलं. "रविवारी चार ते सहा तू बसायचं माझ्याजवळ. ती बाहेर जाईल." हे म्हणाले, "कुठे जाणार ती?" "ते तिचं तिला ठरवू दे."

पहिल्या रविवारी मला खरंच कुठे जावं कळेना. चपला घालून मी फाटकाशी उभी राहिले, चालत वळणावरच्या रेल्वेपुलापर्यंत गेले, आणि तिथेच कठड्याला टेकून खालून जाणारी मालगाडी बघत बसले. डब्यांमागून डबे. मोकळं वाटेल असं वाटलं होतं. छातीवरचा दगड तसाच होता, फक्त मी त्याच्यासकट बाहेर आले होते. सहाच्या आत परतले.

सासूबाई पुढच्या फेब्रुवारीत गेल्या. पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत. मधल्या आठ महिन्यांत आम्ही सात कादंबऱ्या संपवल्या, एकही ओळ न गाळता. त्या गेल्यावर सगळे म्हणाले, सुटल्या, आणि तूही सुटलीस. शाळेने मला जुलैत परत घेतलं. सकाळी घराला कुलूप लावताना अजूनही मी किल्ली फिरवण्याआधी थांबते, आतून काही आवाज येतो का ते ऐकते, आणि मगच निघते.