हात काखेत, श्वास चालू

काही बिनसलं की शेजारचे भाऊजी दोन्ही हात काखेत खुपसून उभे राहायचे आणि म्हणायचे, "हात काखेत, श्वास चालू. घाई नाय." बैल उधळला तरी तेच, लग्नात वरण कमी पडलं तरी तेच. असा एखादा तुमच्याही आळीत असेल. आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो. मीही झाले होते.

खरं तर ते पाणबुडे. आमच्या शेणवे गावाला समुद्र कळतो तो सुक्या बोंबलांच्या वासावरून. पण नव्वदच्या सुमारास भाऊजी धरणाच्या दारांच्या कामावर लागले आणि पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारायला शिकले. पुढं हिवाळाभर मालवणला पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवू लागले. ही काखेची सवय तिथूनच आणलेली.

त्यांच्या बायकोला मात्र पाण्याचा धसका. तिचा धाकटा भाऊ नदीत गेलेला. आमच्या महिला मंडळाची सहल मालवणला निघाली, तेव्हा तिनं मला गाठलं.

"बाई, तुमी डोळ्यांनी बघून या. ह्यो मानूस पान्यातून परत येनारा हाय का नाय, खरं सांगा."

मी अंगणवाडीची बाई, पन्नाशीची. तालुक्याचं सगळं शहाणपण आपल्याच पिशवीत, अशी माझी समजूत. "बघायचंय काय? घेऊनच येते त्यांना!"

मालवणला बुडी मारायच्या त्या रबरी पोशाखात मला कोंबायला दोघी लागल्या. होडीत भाऊजी म्हणाले, "वहिनी, खाली बोलता येत नाय. तुमचं कठीन हाय."

खाली गेले आणि खरंच गप्प झाले. हिरवट उजेड, चिमुकले मासे. भाऊजींनी मागून माझी टाकी धरलेली. इतक्यात समोरून एक भलंमोठं इरलं तरंगत आलं. भातलावणीत पावसासाठी डोक्यापाठीवर घेतो तसं, घुमटाकार, खाली चिंध्या लोंबताहेत. आमच्याकडं वाऱ्यानं कुणाचं इरलं उडालं की जवळच्या बाईनं ते धरायचं, ही रीत. मी धरायला हात पुढं केला.

भाऊजींनी दोन्ही मनगटं पकडली आणि माझेच हात माझ्या काखेत कोंबले. ते इरलं फुगलं, मिटलं, पुन्हा फुगलं. अगं बाई, हे जिवंत! मी श्वास धरून वर झेपावले. त्यांनी सोडलं नाही. समोर येऊन स्वतः सावकाश श्वास घेऊन दाखवत राहिले. माझा श्वास चालू झाला, तेव्हाच हळूहळू वर आणलं; श्वास कोंडून वर आलं तर फुप्फुस फाटतं म्हणे.

"जेलीफिश ती," होडीत म्हणाले. "काय धरत व्हता?"

"इरलं."

त्यांनी उजवा हात उलटा केला. मनगटावर डंखाचे पांढरट वळ होते. "मीबी पयल्या टायमाला इरलंच धरलं. तवापासून हात काखेत. घरी बोलू नका."

नाही बोलले. परतल्यावर त्यांच्या बायकोला एवढंच म्हटलं, "तो माणूस परत येणार. खाली राहिले असते तर मीच." ती इतकी हसली, की डोळ्यांना पदर लावावा लागला.

भाऊजी गेले ते कितीतरी वर्षांनी, भर उन्हाळ्यात, पडवीतल्या खाटेवर, दुपारच्या झोपेत. मी धावत गेले. ती उशाशी बसलेली.

"कोरडा गेला, बाई," ती म्हणाली आणि तिनं मोठा श्वास सोडला.

भाऊजींचे दोन्ही हात काखेत होते. कुणीतरी ते सरळ करायला वाकलं.

"ऱ्हाऊ द्या जरा," ती म्हणाली. "घाई नाय."