यसोथोनच्या आजी आणि चिखलात लोळणारे लोक

मंडळी, आज थायलंडच्या पाहुण्यांना अजिंठ्याची लेणी दाखवायला गेले होते. त्यातल्या यसोथोन प्रांतातल्या शेतकरी आजी पायऱ्या बघूनच खाली बसल्या. गुडघे साथ देईनात, डोळे भरून आले. मी डोली बोलावली.

वर जाताना आजी बोलत होत्या, मोबाइल ते मराठीत करून सांगत होता. "आमचा प्रांत आधी शेजारच्या प्रांतात होता. नंतर वेगळा झाला."

"आपल्या जालना जिल्ह्यावानी, व्हय," डोलीवाले काका म्हणाले.

"पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही पावसासाठी मोठाले अग्निबाण आकाशात सोडतो. ज्याचा उडत नाही, त्याला चिखलात लोळवतो," आजी म्हणाल्या.

काकांना इतकं हसू आलं की डोली खाली ठेवावी लागली.

वर बुद्धमूर्तीपुढं आजी हात जोडून किती तरी वेळ बसल्या. उठल्या तेव्हा चेहरा लई खुलला होता.

तुमच्या गावात पावसासाठी काय करतात? आजींना कळवायचंय.